युद्धोत्तर अमेरिका : १९५५ – बसमधली जागा

मागच्या भागात आपण मे १९५४च्या निकालापाशी थांबलो होतो. सरकारी शाळांत गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगवेगळं बसवणं घटनाबाह्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं. पण कागदावरचा निकाल गल्लीबोळात पोचायला वेळ लागतो, आणि तो आपणहून पोचत नाही.

वरवर पाहिलं तर १९५५ हे अमेरिकेचं मजेचं वर्ष. एप्रिलमध्ये शिकागोजवळ रे क्रॉक यांचं मॅकडोनल्ड्स उघडलं, पंधरा सेंटला हॅम्बर्गर. जुलैत डिस्नेलँड सुरू झालं. साल्क यांची पोलिओची लस यशस्वी ठरल्याचं जाहीर झालं तेव्हा लोकांनी चर्चच्या घंटा वाजवल्या. पुढे एका कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहिल्याने काही मुलं लुळी झाली, तेव्हा त्या आनंदाला गालबोटही लागलं.

ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची हत्या झाली. शिकागोत त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली. मुलाचं काय केलं ते जगाला दिसू दे, हा तिचा हट्ट. फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीने दोघा आरोपींना सुमारे तासाभरात सोडून दिलं.

आणि १ डिसेंबरला अलाबामातल्या माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्यांना ‘दमलेली शिंपीण’ म्हणून रंगवण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. एनएएसीपी या हक्कसंघटनेच्या स्थानिक शाखेच्या त्या कितीतरी वर्षं चिटणीस होत्या. शहरातल्या काळ्या स्त्रियांच्या मंडळाने तर शाळांच्या निकालानंतर चारच दिवसांनी महापौरांना पत्र धाडून बस-बहिष्काराचा इशारा दिला होता. काळ्या प्रवाशांनी पुढच्या दारातून चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचं, ही तिथली रीत. तीही कंडक्टर नसलेल्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मर्जीवर.

अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर बहिष्काराची हजारो पत्रकं काढली. सोमवारी, ५ तारखेला, बस रिकाम्या धावल्या. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसइतकंच, म्हणजे दहा सेंट भाडं घेतलं. त्या संध्याकाळच्या सभेत बोलला तो आंदोलनाचा नवा अध्यक्ष, सव्वीस वर्षांचा पाद्री मार्टिन ल्यूथर किंग.

मागण्या तरी किती माफक! वेगळं बसवणं बंद करा, अशीसुद्धा सुरुवातीला मागणी नव्हती. ड्रायव्हरने नीट वागावं, येईल त्याला जागा मिळावी (काळ्यांनी मागून, गोऱ्यांनी पुढून), काळ्या वस्त्यांच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावेत, एवढंच. नगरपालिका आणि बसकंपनीने तेही नाकारलं. माझ्या मते तीच त्यांची मोठी चूक.

वर्ष संपलं तेव्हा बहिष्काराचा चौथा आठवडा चालू होता. तो एकूण ३८१ दिवस चालला. कसा, ते पुढच्या भागात.