खाल्ल्या मिठाला जागणारं गवत

देशातली सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधलेली आहे. या यादीत गुजरात पहिला, उत्तर प्रदेश दुसरा आणि सहा लाख हेक्टरांच्या आसपास जमीन घेऊन तिसरे आपण, म्हणजे महाराष्ट्र. शिरोळ-मिरजेकडे उसाला पाणी पाजून पाजून रानात वर मीठ फुटलं. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचं पाणीच खारट. अशा रानात माणसाच्या ताटातलं थोडंच पिकतं. गोठ्यातलं मात्र पिकतं, आणि कधीकधी झकास पिकतं. कोण तग धरतं, कोण माना टाकतं आणि कोण चक्क मीठ थुंकतं, त्याची ही खबरबात.

कुणाला किती मार्क?

१९७७ मध्ये मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पिकांची खारटपणाची मार्कशीट तयार केली. मातीचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप) कुठवर चढला तरी उत्पन्न घटत नाही, ते त्यात आणि तिच्या पुढच्या सुधारणांत दिलं आहे. बरसीम १.५ वरच हात टेकतं. चाऱ्याचा मका १.८, लसूण घास २. ज्वारी थेट ६.८ आणि हरळी ६.९! ज्या हरळीला शेतकरी जन्मभर शिव्या घालतो आणि गणपतीत जिच्या जुड्या बांधून विकल्या जातात, ती खारट रानातली पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी निघाली. आणि ऊस? १.७. म्हणजे मीठ फारसं न सोसणारं पीक आपण पाणी तुंबवून मीठ वर आणणाऱ्या रानात लावून बसलो आहोत. यावर बोलावं तितकं थोडं, म्हणून पुढे जाऊ.

पुढे जाण्याआधी एक सावधगिरी. हे आकडे मातीच्या संपृक्त अर्काचे आहेत. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन ईसी मोजतात. पाणी जास्त म्हणून आकडा कमी दिसतो. अहवालात १.५ वाचून ‘आपलं रान गोड’ असं समजायची घाई नको.

ज्वारीचा रुसवा

ज्वारीला ६.८ पर्यंत काही होत नाही, पण त्यानंतर ती एकदम कोसळते. ईसी एका अंकाने वाढला की उत्पन्न १६ टक्क्यांनी खाली. हरळी तिथे साडेसहा टक्क्यांच्या आतच घटते.

कडवळाचा, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीचा, दुसरा नखरा जिवावरचा आहे. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला किराळ लागते. पानातल्या धुरिन नावाच्या द्रव्यातून पोटात हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि धडधाकट गाय बघता बघता आडवी होते. ताणानंतर पाऊस पडून फुटलेले कोवळे पोंगे सर्वांत वाईट. म्हणून फुलोऱ्यावर येईपर्यंत कडवळ कापायचं नाही, हा जुना नियम. वाळवल्यावर हे विष बरंच उतरतं. बाजरीला ही भानगडच नाही, त्यामुळे कमी पाण्याच्या चाऱ्यात या बाबतीत ती जास्त भरवशाची.

वरंब्याच्या टोकाला पेरू नका

सरीला पाणी दिलं की ते वरंब्यात चढतं आणि टोकावरून उडून जातं. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. दुपारच्या उन्हात बघा, वरंब्याच्या माथ्यावर पांढरी पावडर धरलेली दिसते. रोप कोवळं असताना मीठ सर्वांत कमी सोसतं, आणि आपण बी टोचतो नेमकं त्या पांढऱ्या टोपीखाली! खारवट रानात बी वरंब्याच्या बगलेला, ओलीच्या रेषेजवळ टोचायचं. बियाण्याचा वाण बदलला नाही, खताची गोणी वाढवली नाही, फक्त बी चार बोटं खाली सरकवलं तरी उगवण सुधारते. इतकी स्वस्त युक्ती शेतीत क्वचितच सापडते.

एका किलोचं पाणी

मिठानंतर आता पाण्याची परीक्षा. ब्रिग्ज आणि शँट्झ या जोडीने शंभर वर्षांपूर्वी कोलोरॅडोतल्या अॅक्रन इथे पिकं डब्यात वाढवून पाण्याचा हिशेब मांडला. एक किलो कोरडा पाला तयार करायला लसूण घासाला ८०० लिटरच्या वर पाणी लागलं, ज्वारीला ३२० च्या आसपास. लसूण घासात प्रथिनं दुप्पट-अडीचपट असतात, तेव्हा तुलना सरळ नाही. पण विहिरीत पाणीच नसेल तर प्रथिनांचं गणित कुठे मांडणार?

पाण्याच्या परीक्षेत पहिला येतो बिनकाट्यांचा निवडुंग. दिवसा अंगावरची छिद्रं बंद, रात्री गारव्यात उघडी. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या भागात लाखो हेक्टरांवर तो चाऱ्यासाठी लावतात. त्याच्या अंगात ९० टक्क्यांच्या घरात पाणी, त्यामुळे जनावर कमी पाणी पितं. आपल्याकडे उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेनेही त्याचा प्रसार केला आहे. मात्र मिठाच्या परीक्षेत हा नापास. खारट, चिकट रानात त्याच्या नादी लागू नये.

मीठ थुंकणारी मंडळी

तिवराच्या पानाला जीभ लावून बघा, खारट लागेल. मुळांवाटे शिरलेलं मीठ हे झाड पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतं, आणि उन्हात त्याचे कण चमकतात. कच्छचे खाराई उंट खाडीतून पोहत जाऊन हीच तिवरं खातात. २०१५ साली त्यांना स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. (आपल्याकडे तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे. तेव्हा म्हशीला खाडीत पोहायला शिकवू नये.)

कर्नाल गवत याच खोडीचं. पीएच दहावर गेलेल्या, पाणी तुंबलेल्या चोपण रानात ते वाढतं. वर त्याच्या मुळांत हवेतला नत्र पकडणारे जिवाणू राहतात, म्हणजे युरियाची गोणीही वाचते. १९६९ पासून क्षारपड जमिनींवर काम करणाऱ्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने ते सुचवलं. काही वर्षं हे गवत घेतलं की मुळांमुळे माती सैल होते आणि पुढच्या पिकाला वाट मिळते.

याहून पुढची मजल सॅलिकॉर्नियाची. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मेक्सिकोच्या वाळवंटी किनाऱ्यावर या रोपट्याला थेट समुद्राचं पाणी पाजलं होतं. बियांतून तेल, उरलेलं काड जनावरांना.

रात्रपाळीच्या म्हशी

अशा खारट रानात निभावणाऱ्या म्हशीही आहेत. कच्छच्या रणालगत बन्नीचं गवताळ रान आहे. माती खारट, पाऊस तुटपुंजा, ऊन तर विचारू नका. तिथल्या बन्नी म्हशी दिवसाऐवजी रात्री चरतात आणि सकाळी आपल्या पायांनी घरी येऊन दूध देतात. आपल्या पूर्णाकाठी पूर्णाथडी म्हैस आहे. रंगाने फिकट, दुधाला घट्ट, आणि राहते खारपाणपट्ट्यातच.

मिठाचं बिल

सॅलिकॉर्नियासारखी मिठाळ झाडं वाळवंटात हिरवीगार दिसतात, पण अंगात मीठ साठवूनच. अशा चाऱ्याच्या कोरड्या वजनात पाचव्या हिश्श्याहून जास्त राख, म्हणजे मुख्यतः क्षार, निघू शकते. तोच एकटा चारला तर जनावराला पाणी जास्त लागतं, आणि पाणीच नाही म्हणून तर आपण इथवर आलो! म्हणून तो कडब्यात, बाजरीच्या सरमाडात मिसळून कुट्टी करून द्यायचा. काहींत ऑक्झॅलेट, म्हणजे शरीरातलं कॅल्शियम अडकवून ठेवणारं द्रव्यही असतं. उसाचे वाढे घालणाऱ्या घरांना ते नवं नाही, तिथे चुन्याची निवळी शिंपडायची पद्धत आहेच.

पंच कोण? मेंढ्या!

ऑस्ट्रेलियात सॉल्टबुश नावाचं मिठाळ झुडूप मेंढ्यांना चारतात. ते वाढतं उत्तम, पण मेंढ्या नाक मुरडतात. सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मग देशभरातून नमुने गोळा करून लावले आणि मेंढ्या आत सोडल्या. मेंढ्यांनी ज्या झुडपांवर उड्या मारल्या, त्यांतून ‘अनामेका’ हा वाण निवडला गेला. त्याच्या बिया पेरून भागत नाही, कारण रोपं आईसारखी निपजत नाहीत. म्हणून तो फांद्यांच्या कलमांवर वाढवतात, आणि शेतकरी रोपं मोजून विकत घेतात.