बर्फावरील हॉकी : लहान शहरांचे संघ आणि पैशांची विषम लढत

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मेजर ध्यानचंद आणि हिरवे मैदान उभे राहते. कॅनडातील माणसाला मात्र ह्या शब्दाने बर्फ आठवतो. तेथे कडाक्याच्या थंडीत घरामागील अंगणात पाणी ओतून ते गोठवले जाते आणि मुले त्यावर घसरतच खेळ शिकतात. ह्या खेळाची सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग होय. तिच्यातील ३२ संघांपैकी केवळ ७ संघ कॅनडात आहेत, उर्वरित सर्व अमेरिकेत. त्या सातांत सर्वांत लहान शहर मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग हे आहे. ह्या शहराने आपला संघ एकदा गमावला आहे. तो का गमावला, हे पाहिले म्हणजे लहान शहरांची अडचण स्पष्ट होते.

राष्ट्रीय दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा पैसा लीगमधील संघांत वाटला जातो. तिकिटे, स्थानिक प्रक्षेपण, जाहिराती आणि कंपन्यांनी हंगामभर भाड्याने घेतलेले खास कक्ष ह्यांचे उत्पन्न मात्र मुख्यतः ज्या त्या संघाचे असते. टोरोंटो किंवा न्यूयॉर्क येथे बँकांची व बड्या उद्योगांची मुख्यालये आहेत. तेथील कक्ष रिकामे राहत नाहीत. विनिपेगच्या आठ लाखांहून थोड्या अधिक वस्तीत असे ग्राहक मोजकेच.

गंमत अशी की, खेळाडूंच्या वेतनाची शर्यत पेटवण्यात ह्याच शहराचा हात होता. १९७२ साली नव्याने निघालेल्या एका प्रतिस्पर्धी लीगमध्ये विनिपेग जेट्स ह्या संघाने शिकागोचा विख्यात खेळाडू बॉबी हल ह्यास दहा लाख डॉलर्स आगाऊ देऊन आणले. १९७९ मध्ये जेट्स मोठ्या लीगमध्ये सामील झाले. पुढे वेतने वाढत गेली व शर्यत पेटवणाऱ्यालाच तिची धग लागली.

त्यात चलनाची भर पडली. प्रेक्षक तिकिटासाठी कॅनडाचा डॉलर मोजत; खेळाडूंचे वेतन मात्र अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागे. १९९१ साली कॅनडाच्या एका डॉलरला सरासरी ८७ अमेरिकन सेंट्स मिळत, १९९५ साली ते ७३ वर आले. म्हणजे एका कोटी अमेरिकन डॉलर्सच्या वेतनासाठी पूर्वी सुमारे १ कोटी १५ लाख कॅनडियन डॉलर्स पुरत, तेथे आता १ कोटी ३७ लाख लागू लागले. एकाही खेळाडूला वाढ न देता खर्च वाढला होता!

१९९५ साली क्यूबेक शहराचा संघ अमेरिकेतील डेन्व्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने तेथे स्टॅनले चषक जिंकला. क्यूबेकच्या रसिकांना काय वाटले असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. विनिपेगमध्ये संघ वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर आले, वर्गणी गोळा झाली, मुलांनी खाऊच्या पैशांचे डबे रिते केले. तरीही १९९६ च्या एप्रिलमध्ये जेट्स आपल्या शहरातील अखेरचा सामना खेळले व अ‍ॅरिझोनातील फिनिक्सला गेले. एडमंटनचा संघ थोडक्यात बचावला. १९८८ साली ह्याच संघाने वेन ग्रेट्झ्की ह्यास लॉस एंजेलिसला दिले होते आणि त्या व्यवहारात दीड कोटी अमेरिकन डॉलर्स रोख घेतले होते. १९९८ साली स्थानिक गुंतवणूकदारांच्या एका समूहाने एकत्र येऊन तो विकत घेतला. २००० च्या जानेवारीत कॅनडा सरकारने संघांना आर्थिक साहाय्य जाहीर केले. परंतु करदात्यांचा संताप पाहून ते काही दिवसांतच मागे घेतले. माझ्या मते करदात्यांचे चुकले नव्हते.

उपाय अखेरीस लीगमध्येच शोधावा लागला, आणि तोही महाग पडला. मालक व खेळाडू ह्यांच्यातील वादामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. त्यानंतर आयपीएलच्या लिलावात असते तशी प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर्स होती. त्याआधी डेट्रॉइटसारखा संघ सात कोटींहून अधिक खर्च करीत असे, तर नॅशव्हिल त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. शिवाय कमी उत्पन्नाच्या संघांना श्रीमंत संघांच्या कमाईतील काही वाटा मिळू लागला. पहिल्याच हंगामात एडमंटनने अंतिम फेरी गाठली व ती सातव्या सामन्यात गमावली.

ह्या व्यवस्थेमुळेच २०११ साली विनिपेगला संघ परत मिळाला. अटलांटाचा संघ विकत घेऊन तो तेथे आणण्यात आला व त्याला जेट्स हेच नाव देण्यात आले. हंगामभराची १३ हजार तिकिटे हातोहात खपली. दुसरीकडे चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या फिनिक्समध्ये गेलेला जुना संघ २००९ साली दिवाळखोरीत निघाला व २०२४ मध्ये तेथील खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले. शहर नुसते मोठे असून भागत नाही.

परंतु वेतनमर्यादेने सर्वच समान झाले, असेही नाही. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा येथे राज्याचा आयकर नाही. तेवढ्याच वेतनात तेथील खेळाडूच्या हाती अधिक पैसे राहतात. विनिपेगचा हिवाळाही अनेकांना नकोसा वाटतो. करोनाच्या साथीनंतर हंगामी तिकिटे घेणारे साडेनऊ हजारांच्या आसपास उरले, आणि हे फार काळ चालणार नाही, असे संघाचे एक मालक मार्क चिपमन ह्यांनी २०२४ साली उघडपणे सांगितले. त्यानंतर काही प्रेक्षक परतले. २०२४-२५ च्या साखळी फेरीत तर जेट्सनी लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे ११६ गुण मिळवले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात करार संपताच निकोलाय एलर्स हा त्यांचा आघाडीचा खेळाडू कॅरोलायनाला निघून गेला. त्याच सुमारास आजारपणामुळे दोन हंगाम खेळापासून दूर राहिलेला, शिकागोसाठी तीन वेळा स्टॅनले चषक जिंकलेला जोनाथन टेव्ज जेट्समध्ये आला. तो मूळचा विनिपेगचाच. १९९६ साली पहिले जेट्स शहर सोडून गेले, तेव्हा तो आठ वर्षांचा होता.