लिंगभाव अभ्यासात पीएच.डी. करताना काय पाहावे?

लिंगभाव आणि लैंगिकता या विषयात संशोधन करायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, याला पुढे नोकरी काय? प्रश्न रास्त आहे, त्याकडे येऊच. पण हा विषय आपल्या चळवळीचा नाही, असे जे जोडीने ऐकवले जाते ते आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांच्या आधारे जातीअंतर्गत विवाह, आणि त्यातून जात, कशी टिकवली गेली हे त्यात मांडले आहे. स्त्रीच्या लैंगिकतेवरील ताब्याचीच ही चर्चा होती.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनंतर एम.फिल. बंद झाले. विषय झेपतो का हे तपासण्याची ती एक पायरी होती. म्हणून एम.ए. निवडतानाच त्यात प्रबंध लिहायला मिळतो का, हे विचारून घ्यावे. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे जातात, मुदत साधारण सहा वर्षांची; महिलांना दोन वर्षांची वाढीव सवलत मिळू शकते.

एवढी वर्षे ज्यांच्याबरोबर काढायची तो मार्गदर्शक विद्यापीठाच्या नावापेक्षा महत्त्वाचा. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, तर सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात, त्यामुळे चौकशी लवकर करावी. त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात. त्यात जात कुठे आहे ते बघा. शेवटच्या प्रकरणात दोन पाने असतील तर समजून जावे! पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी जात आणि लिंगभाव एकत्र शिकवण्याची परंपरा उभी केली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' वाचनयादीत आहे का, एवढे पाहिले तरी बराच अंदाज येतो.

आता नोकरी. महाविद्यालयांत पदे मुख्यतः समाजशास्त्र, इतिहास, मराठी अशा विषयांची असतात. स्त्री अभ्यासाचे स्वतंत्र विभाग थोडेच. म्हणून ज्यांना प्राध्यापकी करायची आहे त्यांनी आपल्या मूळ विषयातच नोंदणी करून संशोधनाचा प्रश्न लिंगभावाचा घ्यावा, असे आम्ही सुचवू. नेट मूळ विषयात द्यावी. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत. ती हुकली तर अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे आणि जात पडताळणीची कागदपत्रे आधीच काढून ठेवावीत.