ज्यांची समाधी नाही, त्यांची नावे

मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभी करण्याची प्रथा चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांना नवी नाही. भामरागड परिसरातील माडिया समाज गावाजवळ दगड उभे करून आपल्या पूर्वजांची आठवण जपत आला आहे. परंतु जो सैनिक दूरदेशी पडला, ज्याचा देह गावी परतलाच नाही, त्याचा दगड कोणी व कोठे उभा करावयाचा? दोन महायुद्धांनी हा प्रश्न भारतातील असंख्य खेड्यांपुढे उभा केला. परदेशप्रवासात एखादी युद्ध-दफनभूमी पाहण्याचा योग आला, तर हाच प्रश्न मनात घेऊन तेथे जावे.

समान दगड, समान सन्मान

या दफनभूमींची व्यवस्था राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाचा भारतही सदस्य आहे. पार्थिव मायदेशी न नेता जेथे वीरमरण आले त्या प्रदेशातच चिरविश्रांती द्यावी, हुद्दा वा धर्म न पाहता सर्वांचा सारखाच सन्मान करावा आणि प्रत्येकाचे नाव कोरावे, ही आयोगाची मूलतत्त्वे होत. पुण्याजवळ खडकी येथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ समाधी याच पद्धतीने राखल्या आहेत. परदेशी जाणे न घडणाऱ्यांनी, विशेषतः शालेय सहलींनी, ते स्थळ अवश्य पाहावे.

हिंदू व शीख सैनिकांवर शक्यतो अग्निसंस्कार होत असल्याने त्यांची समाधी नसते. त्यांचे केवळ नाव उरते. इटलीतील सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीत अशा पाचशेहून अधिक भारतीय जवानांचे स्मारक आहे. रोमच्या आग्नेयेस कॅसिनो येथे, ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. त्यांतच आजच्या रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आढळते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात सर्व सहकारी मृत वा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल करून ती निकामी केली व तेथेच देह ठेवला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या मराठा वीराचे स्मारक २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावीही उभारण्यात आले.

नाव की केवळ संख्या?

तथापि, समतेचे हे तत्त्व सर्वत्र पाळले गेले नाही. पहिल्या महायुद्धात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणींनी अपार हाल सोसले. मेसोपोटेमियातील मृतांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक झाले. पण त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली गेली. २०२१ मध्ये आयोगाने चौकशीअंती अशा भेदभावाची कबुली देऊन क्षमायाचना केली. शंभर वर्षांनी मागितलेली क्षमा मोलाची खरी. पण वेळीच लिहिलेले नाव त्याहून मोलाचे.

आपल्या गावाची नोंद

२१ ऑक्टोबर ही तारीख या दोन्ही जिल्ह्यांसाठी दुहेरी स्मरणाची आहे. १८५८ मध्ये याच दिवशी वीर बाबूराव शेडमाके यांना चांदा येथे फाशी देण्यात आले. आणि १९५९ मध्ये लडाखमध्ये याच दिवशी धारातीर्थी पडलेल्या दहा पोलिसांच्या स्मृत्यर्थ देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथील स्फोटात १५ पोलीस जवान व त्यांचा वाहनचालक मृत्युमुखी पडले. गावाच्या नोंदीत जवानाइतकेच अशा चालकाचेही नाव असले पाहिजे.

२०२३ च्या 'माझी माती, माझा देश' अभियानात ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसविले. त्यांवरील नावे पुरी आहेत का, हे एकदा तपासून घ्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी वृद्धांना विचारून, घरोघरची सेवापुस्तके व पदके पाहून, नाव, गाव, पलटण, दिनांक व स्थळ यांची नोंदवही सिद्ध करावी. आयोगाची नामसूची सर्वांस खुली असून तीत पुष्कळदा पित्याचे व गावाचे नावही सापडते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशीही पत्रव्यवहार करता येईल. नोंदवहीची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीत ठेवावी. जाणती पिढी हयात आहे तोवरच हे काम उरकले पाहिजे. त्यानंतर विचारावे असे कोणी उरणार नाही.