तंजावूरची मोडी दप्तरे आणि महासंगणक

तंजावूर येथील सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. मराठा राजवटीच्या कारभाराची मोडी दप्तरे वेगळीच. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाळ १७९८-१८३२) यांनी हा संग्रह विशेष वाढवला. मात्र मोडी वाचणारे मोजकेच उरले असून तमिळनाडूत तर ते अधिकच विरळ आहेत. परिणामी कागद समोर असूनही बहुतेक संशोधकांना तो अबोलच राहतो.

ही अडचण प्रगत संगणनाने काही अंशी दूर होऊ शकते. मोडीत शिरोरेषा आधी आखून लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे लिहिली जातात, शब्द एकमेकांना जोडून येतात आणि ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. म्हणून एकेक सुटे अक्षर ओळखणारी प्रणाली येथे अडखळते. जाणत्या वाचकाप्रमाणे संदर्भावरून शब्द ठरवणारे प्रारूप लागते. ते घडवताना असंख्य प्रतिमांवर तीच आकडेमोड पुनःपुन्हा करावी लागते. ही आकडेमोड समांतर करणारे प्रोसेसर हाती असतील, तर चूक सुधारून नवा प्रयोग लगेच करता येतो. या कामात खरा लाभ तोच.

आयआयटी रूडकीने २०२५ मध्ये मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली जाहीर केली. तिच्या संचात शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन कागदांच्या २,०४३ प्रतिमा आहेत. तंजावूरच्या कागदांतील तमिळ गावांची नावे आणि स्थानिक शब्द मात्र अशा प्रणालीला नव्याने शिकवावे लागतील.

त्यासाठीची यंत्रणा फार दूर नाही. राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत मे २०२२ मध्ये ‘परम पोरुल’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याची क्षमता ८३८ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ८३८ लाख कोटी गणिती क्रिया. तो उभारणाऱ्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे, हा योगायोगही मराठी वाचकाला सुखावणारा.

तरीही केवळ यंत्राने दप्तरे उलगडणार नाहीत. तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ अनुवाद यापूर्वीच प्रसिद्ध केले आहेत. ते इतिहासकारांना मोलाचे असले, तरी लिप्यंतर शिकणाऱ्या प्रारूपाला प्रत्येक मोडी ओळीसमोर तिचेच देवनागरी रूप हवे असते. ते तयार करण्यासाठी मोडी शिकलेले विद्यार्थी लागतील.