खिशांतील चाकू

आपल्या घरांत कापण्याचीं साधनें थोडीं नाहींत. स्वयंपाकघरांत विळी आहे, पानाच्या तबकांत अडकित्ता आहे, शिवणाच्या पेटींत कात्री आहे, आणि परसांत नारळासाठीं कोयता आहे. पण हीं सर्व आपापल्या जागेला बांधलेलीं. मनुष्य उंबरठ्याबाहेर पडला, कीं दांत आणि नखें एवढींच काय तीं हत्यारें त्याच्याजवळ उरतात. आगगाडींत पेरू कापावयाचा असतो, पार्सलाची सुतळी सुटत नसते, औषधाच्या वेष्टनाचें प्लॅस्टिक फाटत नसतें, नातवाच्या पेन्सिलीचें टोंक ऐन वेळीं मोडलेलें असतें. अशा प्रसंगीं शेजारच्या प्रवाशापुढें हात पसरण्यापेक्षां दुमडून ठेवतां येणारा एक लहानसा चाकू जवळ असणें केव्हांहि सोयीचें. तो घेतांना काय पाहावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘छुरिका’ या शब्दापासून आला. अमरकोशकारांनीं तिचें ‘असिपुत्री’ असेंहि एक नांव नोंदविलें आहे. म्हणजे ती तरवारीची मुलगी! चाकू मात्र फारशीच्या वाटेनें आलेला पाहुणा. इंग्रजींत खिशांतल्या लहान चाकूला अजून ‘लेखणीचा चाकू’ अशा अर्थाचेंच नांव आहे, कारण पिसाची लेखणी तासण्यासाठीं तो लेखकाच्या मेजावर असे. आपल्याकडे बोरूच्या शेजारीं त्याची जागा होती. अशा प्रकारें हें हत्यार विद्येच्या घरांत वाढलेलें असतांहि, आज एखाद्या सभ्य गृहस्थानें चारचौघांत खिशांतून चाकू काढून पातें उघडलें, तर लोक जरा सरकून बसतात. हा रामपूरचा प्रताप! उत्तर प्रदेशांतील त्या गांवचे कारागीर खटक्याचा चाकू बनविण्यांत निष्णात. पण हिंदी बोलपटांनीं ‘रामपुरी’ हा शब्द गुंडाच्या कमरेला कायमचा अडकवून टाकला. रामपूरकरांस त्याची लाज वाटत नाहीं, हें एका परीनें बरेंच म्हणावयाचें. २०२३ सालीं त्यांनीं गांवांतील एका चौकांत सुमारें वीस फूट लांबीचा चाकूच उभारला आहे.

कायद्याची गोष्ट थोडक्यांत सांगून टाकतों. १९५९ च्या शस्त्र-अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत गणल्या आहेत, आणि त्यांतूनहि घरगुती व शेतीच्या कामासाठीं केलेलीं हत्यारें वगळलीं आहेत. तेव्हां फळें कापण्याचा तीन इंची चाकू बाळगण्यांत एरव्हीं भय नाहीं. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालीं कांहीं दिवसांपुरती मनाई जाहीर होते, तींत सुऱ्याकाठ्याहि येतात. त्या दिवसांत चाकू घरींच बरा. विमानांत तो हातांतल्या पिशवींत चालत नाहीं, वजन करून द्यावयाच्या सामानांत ठेवावा लागतो.

आतां निवडीकडे वळूं. दुकानांत गेलेला मनुष्य प्रथम मोठ्या चाकूकडे पाहतो, आणि मग ज्यांत पुष्कळ अवजारें दडलीं आहेत अशा चाकूकडे. आमच्या मतें हे दोन्ही मोह टाळावे. हापूस आंब्याची फोड उतरावयास अडीच-तीन इंचांचें पातें पुरतें. त्याहून लांब पातें खिशांत टोंचतें आणि हातांत लचकतें. अवजारांच्या गर्दीविषयीं म्हणावयाचें, तर स्वित्झर्लंडांतील कार्ल एल्झेनर यांनीं १८८४ सालीं ईबाख गांवीं कारखाना काढला, १८९१ सालीं स्विस सैन्यास शिपायांचे चाकू पुरविले, आणि १८९७ सालीं अधिकाऱ्यांसाठीं हलका चाकू काढून त्याची नोंदणी केली. मूळ शिपायाच्या चाकूंत पातें, डबा उघडण्याचें अवजार, पेंचकस आणि टोंचा एवढेंच होतें, आणि तेवढ्यावर शिपायाचें भागत असे. आज त्याच कुळांतले वीस-तीस अवजारांचे चाकू मिळतात. पण ते मुठींत विटेसारखे बसतात, आणि मुख्य पातें नेमकें कोठें आहे हें शोधण्यांत पेरू पिकून जातो. घरांत पेंचकस वेगळा असतोच. एक पातें, फार तर दोन, हा आमचा हिशेब.

पात्याच्या धातूविषयीं जास्त विचार करावा लागतो. साधें पोलाद लवकर लागतें, म्हणजे त्याला थोडक्या श्रमांत तीक्ष्ण धार येते. पण तें आंबट आणि तुरट पदार्थांपुढें टिकत नाहीं. लोखंडाच्या कढईंत आवळा शिजविला कीं काळा होतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तोच प्रकार या पात्यावर होतो. कैरी, आवळा, कच्चा पेरू यांच्या रसानें पातें काळवंडतें आणि फोडीला लोखंडाची चव येते. हा काळेपणा गंज नव्हे, उलट तो पात्याचें थोडेंबहुत रक्षणच करतो. तरी नैवेद्याच्या फळावर त्याचा डाग कोणास आवडेल? इंग्लंडांत शेफील्ड येथें १९१३ सालीं हॅरी ब्रिअर्ली यांनीं लोखंडांत सुमारें तेरा टक्के क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद तयार केलें. त्यांतील क्रोमियमचा हवेशीं संयोग होऊन पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा बसतो, आणि तोच खालच्या लोखंडाला झांकून ठेवतो. पहिल्या काळांत शेफील्डच्या सुरीकारांनीं या पोलादाची थट्टा केली, कारण त्याला धार राहत नसे. ती उणीव पुढें दूर झाली. फळें कापणाऱ्या कुटुंबानें न गंजणारें पोलादच घ्यावें. त्यांतहि एक तारतम्य आहे. हल्लीं अत्यंत कठीण पोलादाचे महाग चाकू निघाले आहेत. त्यांची धार महिनोन् महिने टिकते खरी, पण एकदां गेली कीं घरच्या दगडावर परत येत नाहीं. त्यापेक्षां मध्यम कठीण पातें चांगलें. तें लवकर बोथट होईल, पण चार हात मारले कीं पुन्हा कामाला लागेल. ‘न गंजणारें’ या शब्दावरहि फार विसंबूं नये. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेंत ओलें पातें मिटून ठेवलें, तर त्यावरहि बारीक ठिपके पडतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ग्राहक पाहावयाची विसरतो. ती म्हणजे उघडलेलें पातें उघडें कशाच्या बळावर राहतें. जुन्या पद्धतीच्या चाकूंत मुठीच्या पाठीला एक ताठ स्प्रिंग असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, पण अडवीत नाहीं. जोर उलट्या बाजूनें आला तर पातें मिटतें. हें ठाऊक असल्यामुळें असा चाकू वापरणारा माणूस जपून वागतो. दुसऱ्या प्रकारांत अडणी असते. कांहींत मुठीच्या पाठीवरचा भाग दाबल्याखेरीज पातें मिटत नाहीं. कांहींत मुठीच्या आंतील पत्राच बाजूला सरकून पात्याच्या बुडाखालीं टेकतो. चांगल्या कारागिराच्या हातची अडणी भक्कम असते यांत शंका नाहीं. परंतु रस्त्यावर स्वस्तांत मिळणाऱ्या नकली चाकूंत हा पत्रा कागदासारखा पातळ असतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील तरुणानें अशाच चाकूनें नारळाच्या शेंडीचा दोर कापतांना पातें दोरांत अडकलें म्हणून तें उलटें रेटलें. पत्रा निसटला आणि पातें तर्जनीवर मिटलें. जखम वरवर लहान दिसत होती. पण आंतील स्नायुबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, तरी तें बोट आज पुरतें वळत नाहीं. त्याला हार्मोनियम वाजविण्याचा नाद होता. अडणी आहे म्हणून तो निर्धास्त होता, आणि अडणी नांवापुरतीच होती. म्हणून आम्ही म्हणतों, कीं अडणी घ्यावयाची तर खरी घ्यावी. नाहीं तर मुळींच अडणी नसलेला चाकू पत्करावा. दुकानांतच परीक्षा करतां येते. पातें पूर्ण उघडून, बोटें मुठीच्या खाचेपासून दूर ठेवून, पात्याची बोथट पाठ मेजाच्या कडेवर हळूच दोन-तीनदां आपटावी. पातें जरासुद्धां हललें, तर दुकानदार कांहींहि सांगो, तो चाकू परत ठेवावा.

अडणीचा आम्हांस आवडलेला नमुना फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतांतला आहे. जोसेफ ओपिनेल नांवाच्या तरुण हत्यारकारानें १८९० सालीं शेतकऱ्यांसाठीं लांकडी मुठीचा एक अगदीं साधा चाकू केला. १८९७ पासून तो एक ते बारा अशा आंकड्यांच्या आकारांत निघूं लागला, आणि १९५५ सालीं मुठीच्या तोंडाशीं एक फिरतें कडें बसविण्यांत आलें. पातें उघडून कडें फिरविलें, कीं मिटण्याची खाचच बंद होते. कडें बसलें आहे कीं नाहीं हें डोळ्यांना दिसतें, हा त्यांतील मोठा गुण. आठव्या आंकड्याचें पातें साडेआठ सेंटिमीटर, सातव्याचें आठ. सातवा पुष्कळ झाला. दोष एकच, आणि तो आपल्या हवेंत अधिक जाणवतो. पावसाळ्यांत बीच झाडाचें तें लांकूड फुगतें आणि पातें आंत असें घट्ट बसतें कीं नख मोडण्याची पाळी येते. सॅव्हॉयचे लोक तेव्हां मुठीचें मागचें टोंक लांकडावर किंवा दगडावर ठोकतात. त्या धक्क्यानें पातें किंचित् बाहेर येतें. कोंकणांतल्या घरांनीं ही युक्ति ध्यानांत ठेवावी.

नखावरून आठवलें. एकत्र कुटुंबांत चाकू एकट्याचा कधींच राहत नाहीं. तो कर्त्या पुरुषाच्या खिशांतून निघतो, वहिनींच्या पर्समध्यें जातो, आणि आजोबांच्या उशाखालीं सांपडतो. म्हणून विकत घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांत थकलेल्या बोटांचा विचार करावा. संधिवातानें धरलेल्या हातांना पात्यावरची नखाची बारीक खांच उपयोगाची नाहीं; त्यांच्यासाठीं पात्याला अंगठा रुतेल एवढें भोंक पाडलेले चाकू मिळतात. मुठीविषयीं आणखी एक सूचना. परदेशी जुन्या चाकूंना हाडाची किंवा सांबरशिंगाची मूठ असते. देवापुढचें फळ ज्यानें कापावयाचें, त्याची मूठ लांकडाची किंवा धातूची असलेली बरी. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया सुरी हातांत देत नाहींत, खालीं ठेवतात आणि मग घ्यावयास सांगतात. हातांत दिल्यानें भांडण होतें कीं नाहीं तें देव जाणे, पण बोटें शाबूत राहतात एवढें खास.

मुलांच्या हातीं चाकू द्यावा कीं नाहीं, यावर घरोघर मतभेद आहेत. जपानांतील हकीकत येथें विचार करण्यासारखी आहे. ह्योगो प्रांतांतील मिकी या गांवीं ‘हिगोनोकामी’ नांवाचा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत आला आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पातें, आणि पात्याच्या बुडाशीं अंगठा ठेवण्यापुरती एक शेंपटी. त्याला स्प्रिंग नाहीं, अडणी नाहीं. पिढ्यान् पिढ्या शाळकरी मुलें त्यावर पेन्सिली तासत. पुढें १२ ऑक्टोबर १९६० रोजीं तोकियो येथें समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो आसानुमा यांचा, ते व्यासपीठावर बोलत असतां, एका सतरा वर्षांच्या मुलानें खून केला. हत्यार होतें जुनी आंखूड तरवार; पण देशभर चळवळ झाली ती मुलांच्या हातून पातीं काढून घेण्याची, आणि पेन्सिलीचे चाकू दप्तरांतून गेले. ज्या हत्यारानें गुन्हा घडला तें एक, आणि शिक्षा झाली दुसऱ्याला! वर्गांत जन्म घालविलेल्या आम्हांस विचाराल, तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाला, वडील माणूस शेजारीं बसलें असतां, पेन्सिल तासावयास द्यावी. पातें अंगापासून दूर चालवावयाचें, उघडा चाकू घेऊन उठावयाचें नाहीं, आणि मिटतांना बोटें खाचेंत नाहींत हें पाहावयाचें, एवढें त्याला प्रथम शिकवावें. अशा मुलांसाठीं गोल टोंकाचे चाकू मिळतात. ओपिनेल आणि व्हिक्टोरिनॉक्स या दोघांचेहि आहेत. बोथट चाकू मात्र त्याला कदापि देऊं नये. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेलें पातें घसरलें म्हणजेच हात कापतो.

त्यासाठीं धार घरीं लावतां आली पाहिजे. सायकलचें चाक फिरवीत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी द्यावी, खिशांतला चाकू देऊं नये. त्याच्या वेगवान चाकावर पातळ पातें इतकें तापतें कीं कडेला निळसर झांक येते. ती आली कीं तेथलें पाणी उतरलें, आणि मग त्या जागीं धार टिकत नाहीं. कुरुंदाचा बारीक दगड पाण्यानें भिजवून, पाठ दगडापासून किंचित् उचलून, म्हणजे वीस अंशांच्या आंत ठेवून, दोन्ही बाजूंनीं सारखे हात मारावे. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची, चकाकी नसलेली, खरखरीत कडा चालते. शेवटीं जुन्या चामडी पट्ट्यावर पातें पाठीकडून चार वेळां ओढावें. कागदाचा तुकडा हातांत धरून कापला असतां तो न फाटतां चिरला गेला, कीं काम झालें. सुपारी मात्र या पात्यावर फोडूं नये. तिच्यापुढें चांगल्या धारेलाहि दांते पडतात.

राहतां राहिलें तेल. फळें कापून झाल्यावर पातें धुवून, कोरडें करून, सांध्यांत महिन्यांतून एक थेंब सोडावा. जवसाचें किंवा करडईचें तेल येथें उपयोगाचें नाहीं. तें हवेनें चिकट होतें आणि सांधा धरतो. खोबरेल खाण्याचेंहि असल्यानें फळाला लागलें तरी हरकत नाहीं, पण पुण्यानाशिकच्या थंडींत तें गोठतें. त्या दिवसांत शिवणयंत्राचें तेल वापरावें, आणि फळ कापण्यापूर्वीं पातें एकवार पुसून घ्यावें.