जांभळ्या उजेडात जखम

आषाढात कर्जतलगतच्या दहिवलीच्या शिवारात आवणाची लावणी सुरू झाली, की माणसांचे पाय दिवसभर खाचराच्या चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, काटा रुततो, दगड कापतो. बहुतेक जखमा यथावकाश भरतात. शुगरनं ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे, त्याला मात्र लागलेलं कळतच नाही. कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते.

जखमेत जंतू किती, याचा अंदाज डॉक्टर लाली, सूज, पू आणि वास यांवरून बांधतात. हा अंदाज किती चुकतो? अमेरिकेतल्या १४ केंद्रांवर ३५० रुग्णांच्या जखमांचे तुकडे तपासले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २८७ जखमांत जंतूंचा भार जास्त निघाला. नुसत्या लक्षणांवरून त्यांतल्या जेमतेम १५ टक्केच ओळखता आल्या होत्या. जोडीला जांभळा उजेड वापरल्यावर हे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेलं.

यामागची किमया जंतूंच्याच अंगी आहे. रक्ताला लाल करणारं हीम जंतूही बनवतात आणि ते बनताना त्यांच्यात पॉर्फिरिन साठतं. त्यावर ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश पडला, की ते लाल चमकतं. स्युडोमोनास हा चिवट जंतू लोह ओढून घेण्यासाठी वेगळंच द्रव्य सोडतो, म्हणून तो निळसर हिरवा दिसतो. ना रंग टोचायचा, ना सुई; खोलीत अंधार करून उपकरण जखमेसमोर धरायचं आणि फोटो काढायचा.

त्वचारोगतज्ज्ञांना ही युक्ती जुनीच. चिखल्या समजून मलम चोपडलेल्या बेचक्यात एरिथ्राझ्मा हा जंतुसंसर्ग असेल, तर वुड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली ती जागा पोवळ्यासारखी लाल दिसते. जखमांसाठीची हातात मावणारी उपकरणं टोरांटोत तयार झाली, तशी चेन्नईच्या ॲडियुवो डायग्नॉस्टिक्सनंही बनवली.

मर्यादा आहेत आणि त्या विसरून चालणार नाही. हा प्रकाश साधारण दीड मिलिमीटरच आत पोचतो. स्ट्रेप्टोकॉकससारखे जंतू चमकत नाहीत. कोणतं औषध लागू पडेल हे तर स्वॅबच सांगणार, आणि त्याच्या अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. ऐन लावणीत पुन्हा दवाखाना म्हणजे आणखी एक दिवस बुडाला. म्हणूनच पहिल्याच खेपेला हाती लागणारा फोटो मोलाचा. जखम साफ केल्यावर पुन्हा उजेड टाकला, की कडेच्या घट्ट्यालगत उरलेला लाल ठिपका दिसतो आणि ब्लेड नेमकं तिथे फिरवता येतं.